इतिहासपटाला भय का वाटत नाही?

मराठी प्रेक्षकाच्या मनात चित्रपटप्रकारांची एक अलिखित प्रतवारी आहे. ऐतिहासिक चित्रपट सर्वांत वर आणि भयपट अगदी तळाशी. ऐतिहासिक चित्रपटाला माणसे सहकुटुंब जातात, मुलांना फेटे बांधून नेतात, पडदा उजळला की घोषणा देतात. भयपटाला महाविद्यालयातली मुले जातात, तीही बहुधा घरी न सांगता. प्रस्तुत लेखक अठरा वर्षे सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांत मराठी शिकवतो आहे. 'साहित्य आणि चित्रपट' या घटकावर निबंध लिहायला सांगितला की दहांतले आठ विद्यार्थी ऐतिहासिक चित्रपट निवडतात, आणि त्या आठही निबंधांत 'अंगावर शहारे आले' हे वाक्य हटकून असते. शहारे आणणे हे खरे तर भयपटाचे काम. ते इतिहासपटाकडे कसे गेले, आणि जाताना त्या शहाऱ्यांचे काय झाले, हा या लेखाचा विषय आहे.

माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना राग यायचा त्यांना तो लवकर येईल. गेल्या दहाएक वर्षांत भूतकाळाशी प्रामाणिक राहण्याचे काम आपल्या इतिहासपटांपेक्षा आपल्या मोजक्या भयपटांनी अधिक केले आहे. इतिहासपट प्रेक्षकाला वारस म्हणून बोलावतो. भयपट त्याला ऋणको म्हणून बोलावतो. वारसाला फक्त दागिने दाखवावे लागतात. ऋणकोला खतावणी उघडून दाखवावी लागते.

या दोन्ही प्रकारांशी आमच्या भागाचे नाते जुने आहे. रामसे बंधूंचा 'दो गज जमीन के नीचे' हा चित्रपट १९७२ साली आला, आणि त्याचे चित्रीकरण महाबळेश्वरला झाले होते. हिंदी भयपटाच्या एका अख्ख्या घराण्याची सुरुवात सातारा जिल्ह्यातल्या धुक्यात झाली, असे म्हणायला हरकत नाही. त्याच घाटाखाली वाई आणि मेणवली. नाना फडणविसांचा मेणवलीचा वाडा आणि त्यामागचा कृष्णेचा घाट आज बाहेरच्या माणसाला 'स्वदेस'मुळे (२००४) ठाऊक असतो. 'मृत्युदंड' (१९९७) आणि 'गंगाजल' (२००३) यांतले बिहारही वाईतच उभे राहिले होते. ज्या वाड्यातून मेणवली दप्तर बाहेर आले, ज्यातल्या कागदांवर इतिहाससंशोधकांच्या पिढ्या पोसल्या, तो वाडा चित्रपटवाल्यांना केवळ दगडी पार्श्वभूमी म्हणून हवा असतो. गंमत अशी की वाडा तोच; रात्री दिवा लावला की भुताचा आणि दिवसा जरीपटका लावला की पराक्रमाचा.

इतिहासपटांविषयी आधी न्यायाने बोलले पाहिजे. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२३ साली 'सिंहगड' काढला, तेव्हा मूकपटाच्या पडद्यावर आपला गड पाहणे हीच एका पारतंत्र्यातल्या समाजासाठी मोठी गोष्ट होती. पुढे भालजी पेंढारकरांनी 'नेताजी पालकर', 'थोरातांची कमळा', 'बहिर्जी नाईक', 'छत्रपती शिवाजी', 'पावनखिंड', 'मोहित्यांची मंजुळा', 'मराठा तितुका मेळवावा' अशी चित्रपटांची रांगच लावली. १९५२च्या 'छत्रपती शिवाजी'मधले चंद्रकांत मांडरे आमच्या आजोबांच्या पिढीसाठी महाराजांचा चेहराच होऊन बसले होते. भालजींचे चित्रपट आज पाहताना त्यांतली नाटकी संवादफेक खटकते, पण त्यांत माणसे असतात. साधा शिलेदार असतो, त्याची बायको असते, रुसवे असतात, आणि स्वराज्य म्हणजे या साध्या माणसांनी पोटाला चिमटा काढून उभी केलेली गोष्ट आहे ही जाणीव असते.

२०१८च्या 'फर्जंद'पासून सुरू झालेल्या नव्या लाटेत ('फत्तेशिकस्त', 'पावनखिंड', 'शेर शिवराज', 'सुभेदार' आणि त्यांच्या मागून आलेले इतर) तंत्र वाढले, तालमी वाढल्या, तलवारबाजी देखणी झाली. मात्र एक गोष्ट हरवली. या चित्रपटांतल्या कोणालाच भीती वाटत नाही. मावळ्याला मरणाची भीती नाही, हे एकवेळ मान्य करू. पण चुकण्याची भीती, आपण करतो ते योग्य की अयोग्य ही भीती, आपल्या माणसांचा बळी आपण देत आहोत या जाणिवेची भीती? प्रतापगडाच्या पायथ्याशी १६५९च्या नोव्हेंबरात जे घडले त्याच्या आदल्या रात्री गडावर झोप कोणाला लागली असेल? त्या रात्रीचे भय दाखवले तर महाराजांचे मोठेपण कमी होत नाही, उलट ते मोजता येते. भय नसलेल्या माणसाचे धैर्य मोजायला माप कुठले? आपले दिग्दर्शक मात्र पात्र पडद्यावर येताच ढोल वाजवून प्रश्न मिटवून टाकतात.

याचे एक कारण आपल्या इतिहासलेखनाच्या जन्मातच आहे, असे मला वाटते. साताऱ्यात राजकीय प्रतिनिधी म्हणून राहिलेल्या ग्रँट डफने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. नीलकंठ जनार्दन कीर्तन्यांनी त्याच्यावर टीका लिहिली, आणि पुढे राजवाडे, पारसनीस आदींनी दप्तरे धुंडाळून त्याला उत्तर देण्यात आयुष्ये घातली. म्हणजे आपले इतिहासलेखन बचाव पक्षाचे वकील म्हणून उभे राहिले. परक्या सत्तेच्या न्यायालयात ती वकिली आवश्यकच होती आणि तिच्यामुळे कागदपत्रांचे डोंगर वाचले. पण १९४७ नंतर ते न्यायालय उठले, फिर्यादी घरी गेला, तरी आमचा वकील अजून उभाच आहे. ऐतिहासिक कादंबरीने ही वकिली घेतली, तिच्याकडून ती चित्रपटाने घेतली. वकील आपल्या अशिलाची उलटतपासणी कशी करणार?

'छावा' (२०२५) हा या दृष्टीने फार बोलका चित्रपट आहे. हिंदीत असला तरी त्याचा आधार शिवाजी सावंतांची कादंबरी आहे. शेवटच्या भागात संभाजीराजांचे हाल ज्या तपशिलाने दाखवले आहेत ते तंत्र थेट भयपटातले आहे: साखळ्या, तापलेले लोखंड, मीठ, जवळून दिसणारी त्वचा. भयपटात असे दृश्य पाहून आपण अंग चोरतो, मान फिरवतो. इथे चित्रपटगृहे घोषणांनी दुमदुमली. भयाचे रूपांतर संतापात झाले, आणि संतापाला पत्ता लागतो. तो पत्ता भूतकाळातला असला तरी पोस्ट आजच्या गल्लीत पोहोचते. त्या वर्षीच्या मार्चमध्ये नागपुरात दंगल झाली तेव्हा मुख्यमंत्र्यांनीच विधिमंडळात या चित्रपटाने लोकांच्या भावना पेटल्याचा उल्लेख केला होता. मला अधिक अर्थपूर्ण वाटते ती दुसरी घटना. संगमेश्वरी राजे पकडले गेले त्यात आपल्याच माणसांची फितुरी होती की नाही, हा संशोधकांत जुना वाद आहे. चित्रपटाने शिर्के बंधूंना फितूर दाखवले, शिर्के घराण्याच्या वंशजांनी हरकत घेतली, आणि दिग्दर्शकाने दिलगिरी व्यक्त केली. वंशजांचे दुःख मी समजू शकतो. पण एवढ्या लांबलचक चित्रपटात घराच्या आतून येणारी जी एकमेव शंका होती, तीच नेमकी कोणाला सोसवली नाही. बाहेरच्या राक्षसाविषयी तक्रार नव्हती.

आपल्याकडे हे नेहमीच असे नव्हते. प्रभातचा 'रामशास्त्री' (१९४४) आठवून पाहा. रामशास्त्री प्रभुणे आमच्या साताऱ्याशेजारच्या माहुलीचे. कृष्णा आणि वेण्णेच्या संगमावर वाढलेला हा मुलगा पुढे पेशव्यांच्या दरबारात न्यायाधीश झाला. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. वय अवघे अठरा. 'ध'चा 'मा' झाल्याची कथा मराठी माणसाला शाळेत जाण्याआधीच ठाऊक असते. रामशास्त्र्यांनी तपास केला आणि त्यांचे बोट सत्तेवर बसलेल्या राघोबादादांकडेच वळले. त्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडून ते वाईजवळच्या खेड्यात येऊन राहिले. गजानन जागीरदारांनी रंगवलेला हा न्यायाधीश पाहताना प्रेक्षक टाळ्या वाजवतो, पण त्या टाळ्यांखाली एक अस्वस्थता असते. कारण खुनी शत्रूच्या छावणीत नसून देवघराच्या पलीकडच्या दालनात आहे. ललिता पवारांची आनंदीबाई बाहेरून आलेली नाही. ती घरातली काकू आहे.

आणि याच घटनेने महाराष्ट्राला त्याचे सर्वांत प्रसिद्ध भूत दिले. शनिवारवाड्यात अजूनही रात्री 'काका, मला वाचवा' अशी हाक ऐकू येते, असे सांगतात. कोणी अमावास्या म्हणतो, कोणी पौर्णिमा. इतिहासाचे प्राध्यापक या गोष्टीवर हसतात. मी मराठीचा असल्यामुळे मला हसता येत नाही. लोकमानस उगाच भूत निर्माण करत नाही. पानिपतावर हजारोंनी माणसे पडली, पण शनिवारवाड्यात हाक ऐकू येते ती एकाच पोराची. का? कारण पानिपतावर मारणारा शत्रू होता, त्या हिशेबाला नाव होते. इथे न्यायाधीशाने निकाल दिला आणि तो निकाल कधीच अमलात आला नाही. राघोबादादा पुढे इंग्रजांच्या आश्रयाला गेले आणि दहा वर्षांनी, १७८३ साली, कोपरगावला वारले. ज्या निकालाची अंमलबजावणी दरबार करू शकला नाही, तो लोकांनी भुताच्या रूपाने जिवंत ठेवला. १८२८च्या आगीत वाडा जळून गेला, तरी हाक जळली नाही. इतिहासाने दप्तरी दाखल करून बंद केलेले प्रकरण भूतकथा पुन्हा पुन्हा सुनावणीला काढते, हे तिचे खरे सामर्थ्य.

या कसोटीवर राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' (२०१८) पाहावा. नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून घेतलेले, प्रेरणेत नारायण धारपांच्या कथेचे ऋण. म्हणजे मराठी वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला हा चित्रपट घरचाच. तो हिंदीत निघाला, ही आपल्या चित्रपटव्यवसायाची शोकांतिका. असो. चित्रपटाचे तीन भाग १९१८, १९३३ आणि १९४७ अशा सालांचे आहेत. ही साले एखाद्या राष्ट्रीय इतिहासपटाला शोभली असती. पण इथे टिळक नाहीत, गांधी नाहीत, मोर्चे नाहीत. आहे ती सतत कोसळणारी पावसाची धार, वाड्यातल्या सरकारांच्या सेवेत झिजणारी विधवा आई, साखळीने बांधून ठेवलेली आजी, आणि मुद्रा मिळेल या एकाच आशेवर वाढलेला विनायक. हस्तर नावाच्या देवाला सोने मिळाले पण अन्न मिळाले नाही, म्हणून तो चिरंतन भुकेला आहे. विनायक पिठाची बाहुली घेऊन त्या गर्भागारात उतरतो, भुकेल्याला पीठ दाखवतो आणि त्याच्या लंगोटातल्या मुद्रा पळवतो.

सरंजामशाही म्हणजे काय, हे मी वर्गात अनेकदा समजावले आहे, पण त्या एका दृश्याइतके चांगले कधीच जमलेले नाही. भुकेल्याच्या भुकेवर घराणी श्रीमंत होतात. विनायकाचे कर्तृत्व एवढेच की त्याला भुकेचे गणित कळले आहे. १९४७ येते, वाडा सरकारजमा होणार म्हणून घाई सुटते. देश स्वतंत्र होत असताना या घराला एकच चिंता आहे की खजिना आता आपला राहील की नाही. स्वातंत्र्याकडे या कोनातून पाहणारा किती इतिहासपटांचा नायक आठवतो? आणि बाप मुलाला वारसा म्हणून काय देतो? लोभ, आणि त्या लोभाचे तंत्र. चित्रपटात विहिरीच्या कडेवर, जात्यावर, दिव्याच्या मिणमिणत्या उजेडावर जी मेहनत घेतली आहे, तेवढी काळाची चाड कोट्यवधींच्या किल्ल्यांच्या नेपथ्यातही दिसत नाही. पंकजकुमार यांच्या छायालेखनात अंधार हा रिकामा नाही, त्याला ओल आहे. जुन्या वाड्याच्या माजघरात ज्यांनी रात्र काढली असेल त्यांना तो वास येईल.

दुसरे उदाहरण माझ्या विद्यार्थिनींच्या अधिक जवळचे आहे, म्हणून त्याविषयी बोलताना मी नेहमी थोडा सावध असतो. विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' जुलै २०१७ मध्ये प्रदर्शित झाला. गर्भवती नायिका (पूजा सावंत), उसाच्या फडांनी वेढलेले एकाकी घर, ते सांभाळणारी प्रेमळ वाटणारी बाई (उषा नाईक, फारच ताकदीचे काम), आणि मुलगी नको असलेल्या एका घराण्याचा गाडून टाकलेला अपराध. पुढे याच दिग्दर्शकाने यावरून हिंदीत 'छोरी' (२०२१) केला. ऊस म्हणजे आमच्याकडे समृद्धी. कारखाना, गाळप, ट्रॅक्टरमागे लावलेल्या दोन-दोन ट्रॉल्या. त्या पुरुषभर उंच उसात माणूस हरवू शकतो, आणि वाऱ्याने पाने घासली की कोणीतरी कुजबुजल्यासारखे वाटते, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे, पण त्याचा अर्थ कोणी असा लावला नव्हता.

हा चित्रपट प्रदर्शित होण्याच्या चारच महिने आधी, मार्च २०१७ मध्ये, मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले होते. चित्रपट त्याआधीच तयार झालेला होता. त्याने या घटनेवरून काही उचललेले नाही, आणि म्हणूनच तो योगायोग अधिक भयंकर वाटतो. २०११च्या जनगणनेत सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या ९००च्या खाली होती. ज्या जिल्ह्यांत जिजाऊ आणि ताराराणी यांच्या नावाने शाळा-महाविद्यालयांत कार्यक्रम होतात त्याच जिल्ह्यांची ही आकडेवारी. वर्गात 'लपाछपी'ची चर्चा निघाली तेव्हा मुले पडद्यामागून येणाऱ्या आवाजांविषयी बोलत होती; मुली गप्प होत्या. त्यांना कोणते भूत दिसत होते ते विचारण्याचा अधिकार मला नव्हता. ऐतिहासिक चित्रपटाच्या चर्चेत अशी शांतता मी कधी अनुभवलेली नाही. तिथे सगळे एकाच सुरात बोलतात.

आता भयपटाची भलामण करतो म्हणून त्याचे दोष झाकायचे असे नाही. आपल्याकडचा बहुतेक भयपट टाकाऊ असतो. दार करकरते, मांजर उडी मारते, मांत्रिक येतो. रामसेंच्या परंपरेत भुतापेक्षा नायिकेच्या न्हाणीघरावर कॅमेऱ्याचे लक्ष अधिक. मराठीत महेश कोठाऱ्यांनी 'झपाटलेला' (१९९३) आणि 'पछाडलेला' (२००४) यांतून भूत घराघरांत नेले, पण हसवून. तात्या विंचू मला प्रिय आहे, तो घाबरवत मात्र नाही. 'लपाछपी'लाही शेवटी आपला संदेश समजावून सांगण्याचा मोह आवरलेला नाही. 'तुंबाड'मध्ये स्त्रिया एकतर झिजतात किंवा वाट पाहतात. धारपांच्या कथाविश्वातही फारसे वेगळे नसते. आणि इतिहासपटांमुळे मुले गडावर जाऊ लागली, बखरींची नावे विचारू लागली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. त्या उत्साहाला नावे ठेवण्याचा करंटेपणा माझ्याकडून होणार नाही.

मात्र उत्साही मुलांपुढे आपण काय ठेवतो, हा प्रश्न उरतो. 'मी शिवाजीराजे भोसले बोलतोय' (२००९) या चित्रपटात महाराज स्वतः आजच्या मुंबईतल्या एका बँक कर्मचाऱ्यासमोर प्रकट होतात. कल्पना विलक्षण आहे, जवळजवळ भयपटाचीच: पूर्वज परत येतो आणि जाब विचारतो. पण जाब कसला, तर मराठी माणूस म्हणून तू मागे का पडलास एवढाच. महाराज परत आले तर आम्हाला आणखीही काही विचारतील आणि ते ऐकायला बरे वाटणार नाही, ही शक्यता चित्रपटाला सुचत नाही.

विचारण्यासारखे आमच्याच मातीत पुष्कळ आहे. ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्यात गेंडामाळावर १७ जणांना मारण्यात आले, कोणाला फाशी, कोणाला गोळ्या, कोणाला तोफेच्या तोंडी. त्यांत रंगो बापूजींचा मुलगाही होता. पदच्युत प्रतापसिंह महाराजांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी लंडनमध्ये वर्षानुवर्षे खेटे घालत राहिले होते. उठाव फसल्यावर ते निसटले आणि पुढे त्यांचे काय झाले हे कोणालाही निश्चितपणे सांगता आलेले नाही. नाहीसा झालेला बाप आणि माळावर मारला गेलेला मुलगा. चार भिंतींच्या स्मारकावर संध्याकाळी फिरायला येणाऱ्यांपैकी कितीजणांना हे ठाऊक असेल? या कटाचा सुगावा इंग्रजांना कोणी दिला, हे विचारायचे म्हटले तर पुन्हा घराच्या आत जावे लागते.

आणि १९४८. गांधीहत्येनंतर सातारा, सांगली, कोल्हापूर या टापूत ब्राह्मणांची घरे जळाली. कोल्हापुरात भालजींचा जयप्रभा स्टुडिओही त्या आगीत सापडला, म्हणजे मराठी इतिहासपटाचे घरच. माणदेशच्या व्यंकटेश माडगूळकरांनी 'वावटळ'मध्ये हे लिहून ठेवले आहे, तेही कोणाची वकिली न करता. त्या कादंबरीत पळणारी माणसे घाबरलेली आहेत आणि जाळणारी माणसे ओळखीची आहेत. आमच्या एका परिचितांच्या गावात त्या वेळी जळालेल्या वाड्याचे जोते अजून आहे. तिथे कोणी घर बांधत नाही. विचारले तर जागेचा वाद आहे असे सांगतात, आणि जरा वेळाने, आवाज खाली आणून, तिथे रात्री काहीतरी दिसते असेही सांगतात.

यंदा एम. ए.च्या एका विद्यार्थिनीने लघुप्रबंधासाठी विषय घेतला आहे: ऐतिहासिक कादंबरीचे संकेत आणि 'तुंबाड'. समितीतल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी शंका काढली की यात इतिहास कुठे आहे, ही तर भुताची गोष्ट. तिने विचारले, "सर, मग शनिवारवाड्यातली हाक कशात मोडते?" विषय तूर्त मंजूर झाला आहे, शीर्षकात बदल करण्याच्या अटीवर.